भिंतीवरचं तळं

वहिनीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले आणि भिंतीवरचे सगळे मासे एकदम तिच्याकडे वळले.

"आले! भावजी, आले बघा!"

शिडीवर चढून कॅमेऱ्याचा स्क्रू आवळणारा दीर पडता पडता वाचला. मासे तिने रंगवले होते. हालचालीमागे पळायला त्यांना शिकवलं होतं त्याने. पण वाचनालयाच्या बालविभागात प्रोजेक्टरने भिंतीवर उमटवलेलं हे तळं आज मुलं रमली तरच राहणार होतं. ग्रंथपालबाईंनी तसं बजावलंच होतं.

दार उघडलं आणि मुलं आत घुसली. एकच कल्ला! कुणी उड्या मारतंय, कुणी गिरक्या घेतंय. मासे इकडून तिकडे, तिकडून इकडे. दीर शिडीवरूनच हसत होता. वहिनी तर मुलांच्या बरोबरीने टाळ्या पिटत होती.

नाचून नाचून दोन वेण्यांची एक मुलगी मटकन खाली बसली. मागोमाग बाकीचीही टेकली. हळूहळू धापा थांबल्या. सगळी नुसतीच भिंतीकडे बघत राहिली.

मासे खोल गेले. तळ ढवळला आणि त्यातून दाराएवढं एक कासव वर आलं.

वहिनीने भिंतीवरची नजर न हटवता दिराला हळूच विचारलं, "हे तुम्ही ठेवलंत?"

"कुणी हललं नाही की कॅमेऱ्याला खोली रिकामी वाटते," तो कुजबुजला. "म्हटलं, रिकाम्या खोलीत तरी फिरू दे त्याला."

हे कासव ग्रंथपालबाईंनी पहिल्याच बैठकीत नापास केलं होतं. फार संथ आहे, मुलं कंटाळतील, म्हणाल्या होत्या. वहिनीने तिथे मान डोलावली, पण घरी येऊन ती कुणाशी धड बोलली नव्हती.

एकाने बोट दाखवलं. कासव दचकून बुडालं.

"अरे, हलू नकोस ना!" सगळ्यांनी त्याला दटावलं.

पुन्हा सगळे पुतळे. पुन्हा कासव वर.

इतका वेळ चाललेला दंगा अचानक थांबला, म्हणून ग्रंथपालबाई धावत आल्या.

"काय झालं? बंद पडलं का—"

"श्शऽऽ!" अख्खी खोली म्हणाली.

बाई जागच्या जागी थिजल्या. एक पाय दाराच्या आत, एक बाहेर. कासवाने त्यांच्या दिशेने मान लांबवली. वहिनीला हसू आवरेना, पण हलायची सोय नव्हती.

"असं किती वेळ उभं राहायचं?" बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"ते जाईपर्यंत," वेण्यांची मुलगी पुटपुटली.

कासवाला कसलीच घाई नव्हती.