तळव्याची खात्री

अर्ध्या उघडलेल्या शटरखालून ऊन आत सरकत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. आधी त्याने उंबऱ्याजवळची तेलकट फरशी उजळली, मग हवेच्या यंत्राचा पितळी नळ, आणि मग भिंतीवर टांगलेल्या टायरांच्या खाचाखाचांत थांबत, जणू प्रत्येकाची झीज तपासत, ते वर चढू लागलं. काळ्या रबरावर कोवळं ऊन पडलं की रबर क्षणभर ओलं भासतं. रोज आपलं टायरचं दुकान उघडल्यावर तो हे बघत उभा राही. आज मात्र तो उन्हाकडे पाठ करून बसला होता आणि मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण पुन्हा पुन्हा त्याच्या चिमटीतून निसटत होतं.

"बाबा, मी लावू का?"

"आटेच खराब आहेत त्याचे," तो म्हणाला. "हल्ली काही धड बनवतच नाहीत."

सकाळी शर्टाची गुंडी लागेना, तेव्हाही त्याने काजालाच बोल लावला होता.

लेकीची उंच अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल दुकानाच्या मधोमध दोन्ही चाकांवाचून ठोकळ्यांवर उभी होती. दुपारी ती त्यावरून निघणार होती, डोंगरापलीकडे, एकटी. डांबर संपल्यावर खडीचा उतार, आणि उताराला कठडे नाहीत. टायर कुठले घालायचे यावरून बापलेकीची आठवडाभर जुंपली होती. तिला हवे होते मोठ्या गट्टूंचे. तो म्हणे, ते चिखलात सोनं आणि ओल्या डांबरावर साबण. अखेर मधल्या नक्षीवर तह झाला. पण तिच्या मापाची नवी जोडी कुठे मिळेना, तेव्हा कुणा प्रवाशाने एकाच सफरीनंतर उतरवून ठेवलेली जोडी त्याने भिंतीवरून काढली.

"वापरलेले?" तिने नाक मुरडलं होतं.

"टायर आहे तो, नवरदेव नाही. कोराच हवा असं कुठंय?"

"आत काही रुतून बसलेलं असलं तर?"

"मग तुझा बाप कशाला आहे?"

लांबलांबचे मोटरसायकलस्वार त्याला 'एक्सरे' म्हणत. टायर रिमवर चढवण्याआधी तो आपला उघडा तळवा आतून सावकाश, पूर्ण फेरा फिरवी. केसाएवढी तार, काट्याचं मोडकं टोक, जे डोळ्यांना चुकवी ते तळव्याला सापडे. मग तो म्हणे, "साफ." त्या एका शब्दावर माणसं डोंगर चढून जात. कारण आत राहिलेली तार ट्यूब लगेच फाडत नाही. ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी कुरतडत राहते आणि ऐन उतारावर दगा देते.

मागच्या चाकाला त्याने मघाशीच 'साफ' म्हटलं होतं.

"आई सांगत होती, परवा तुम्ही उकळत्या चहाचा पेला तसाच धरून बसला होतात. हात लाल होईपर्यंत."

"तुझ्या आईला राईचा पर्वत करायची सवयच आहे." तो हसला. ती हसली नाही.

त्याने पुढचा टायर मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि हात आत घातला. दुकानात फक्त रबरावरून फिरणाऱ्या तळव्याचा कोरडा आवाज उरला. फेरा पूर्ण झाला.

"साफ. आण ट्यूब."

ट्यूब पुढे आली नाही.

"बाबा, हे आत काय आहे?"

टायरच्या आतल्या काळ्या अंगावर एक बारीक, ओली रेघ उमटली होती. मध्येच कुठेतरी सुरू होऊन, त्याचा हात गेला तिथवर ती गेली होती.

"आधीच्या सफरीची लाल माती असेल."

"हात दाखवा."

"अगं, काय पोरखेळ लावलायस..."

तिने त्याचं मनगट धरून तळवा उन्हात उलटा केला. मधल्या बोटाखाली कातडी चिरली गेली होती. रक्त मनगटाकडे ओघळत होतं.

"दुखलं नाही?"

"दुखलं की," तो म्हणाला. पण जरा उशिरा म्हणाला. "सवय असते आम्हाला."

तिने टायर ओढून घेतला आणि त्यानेच शिकवलं होतं तसा, सावकाश, आपला तळवा आत फिरवला. रेघ जिथून सुरू होत होती तिथे ती पोचली मात्र...

"आई गं!"

झटक्यात हात बाहेर काढून ती बोटावर फुंकर घालू लागली. रबरातून वर आलेलं तारेचं टोक उन्हात लकाकत होतं.

मग तिने मागचं चाक आडवं केलं, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या उचलल्या आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हेही उघडते."

त्याने तिला अडवलं नाही. हिवाळ्यापासून या दारातून गेलेल्या मोटरसायकली त्याला एकामागून एक दिसू लागल्या, हात हलवत वळणाआड होणाऱ्या. परतताना चहाला थांबतो, असं त्यांतले काही जण म्हणाले होते. थांबले नव्हते.

त्याने जखमेवर अंगठा दाबला. आणखी जोरात दाबला. ऊन आता तळव्यावर आलं होतं. ते दिसत होतं, पण त्याची ऊब लागत नव्हती.

त्याच्या हातांना काहीच कळत नव्हतं. हिवाळ्यापासूनच कळत नव्हतं.