वजाबाकीचे नियम

रविवारी चार वाजता जे. बी. नगरातल्या वनमालाबाईंच्या घरी जेवणाचे टेबल पुसून त्यावर हिरवे कापड अंथरले जाई आणि मग त्या टेबलावर हुकूम चाले तो फक्त बाईंचा. खेळ असा, की एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, आणि तलवार लागली की हुकली, दरी ओलांडली की कोसळलो, याचा निवाडा फाशांवर सोडायचा. या टेबलावर खेळणाऱ्या चंद्रप्रकाशच्या थोरल्या भावाने परदेशातून या खेळाचे नियमपुस्तक आणले, तेव्हा बाई, चंद्रप्रकाश, कॉस्मस ही सगळी मंडळी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात नोकरीला होती. जेवणाच्या सुट्टीत सुरू झालेला खेळ निवृत्तीनंतरही सुटला नाही. सूत्रधार पहिल्या दिवसापासून वनमालाबाईच. कारखान्यात त्या आस्थापना विभागाच्या प्रमुख होत्या आणि खेळातही तो रुबाब त्यांनी खाली ठेवला नव्हता.

बाईंच्या उजव्या हाताशी एक स्टीलची वाटी पालथी असे. पाळी आलेला खेळाडू रेंगाळला की चमच्याने वाटीवर ठोका पडे आणि पाळी जाई. दुसरी रीत याहून कडक होती. ज्याचे पात्र मेले, त्याने त्या पात्राचे आकडे लिहिलेला कागद सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने फाडायचा.

कॉस्मसची मुलगी निकोल एकदा नव्या नियमांचे जाडजूड पुस्तक घेऊन आली होती. बाईंनी ते चाळले आणि दोन बोटांनी परत सरकवले.

“यात मरणाऱ्याला पुन्हा पुन्हा फासा टाकून जीव वाचवता येतो म्हणे. बालवाडी आहे की खेळ?”

“आणि वजाबाकीसुद्धा नाही,” चंद्रप्रकाशने री ओढली. “नुसती बेरीज. मोठा आकडा आला की जिंकलात. झकास!”

जुन्या नियमांत शत्रूचे चिलखत जितके भक्कम तितका त्याचा आकडा लहान. आपल्या आकड्यातून तो वजा करायचा आणि उरेल तेवढे फाशावर यायला हवे. हे गणित मनातल्या मनात करता येणे, ही बाईंच्या लेखी खेळात पाऊल ठेवण्याची लायकी होती. निकोल तेव्हा नुसती हसली. तिने वडिलांकडे एकवार पाहिले, ते बाईंच्या लक्षात आले नाही.

त्यानंतरच्याच रविवारी ते घडले. गोष्ट गुहेत पोहोचली होती आणि राक्षस समोर उभा होता. कॉस्मसचे पात्र म्हणजे धाकू, बुटका कुऱ्हाडवाला. कारखान्यातल्या दिवसांपासून कॉस्मस तोच खेळत आला होता. खोडरबर फिरून फिरून धाकूचा कागद जुन्या धोतरासारखा विरला होता. पाळी कॉस्मसची होती. त्याने वीस बाजूंचा फासा मुठीत धरला आणि तो कागदाकडे बघत राहिला.

“किती हवेत, कॉस्मस? सांग आणि टाक.”

कॉस्मसचे ओठ हलले, आकडा बाहेर आला नाही.

“बाई, एक मिनिट थांबा ना,” त्याची बायको व्हायोलेट म्हणाली.

“मिनिट कशाला? जन्मभर मोजमाप खात्यात काढलेल्या माणसाला आता वजाबाकी मी शिकवायची?”

ठोका पडला. राक्षसाचा फासा बाईंनी टाकला, तो जबर आला, आणि धाकू मेला. कॉस्मसने कागद फाडला, पण तुकडे टेबलावर ठेवायचे सोडून खिशात घातले. आपल्या टेबलावर अजून शिस्त आहे, या समाधानात बाईंनी त्या संध्याकाळी स्वतःसाठी वेलची घालून चहा केला.

पुढच्या रविवारी कोणीच आले नाही. व्हायोलेटकडे पाहुणे होते, चंद्रप्रकाशची कंबर धरली होती. त्याच्या पुढच्या रविवारीही पाहुणे होते आणि कंबरही. बाईंनी चंद्रप्रकाशच्या घरी फोन लावला. तो त्याच्या बायकोने घेतला.

“ते तर मरोळला गेलेत, कॉस्मसकडे. खेळायला. का हो, तुम्ही नाही गेलात?”

बाईंनी रिक्षा केली. मांडीवरच्या पिशवीत नियमपुस्तक, फाशांचा डबा आणि वाटी होती. जाब कसा विचारायचा, त्याची वाक्ये वाटेत जुळवून झाली. मेट्रोच्या पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर त्यांनी ती पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिली.

गावठाणातल्या क्रुसाशी रिक्षा सोडून त्या कॉस्मसच्या घराकडे वळल्या, तेव्हा ओट्यावरून चंद्रप्रकाशचे हसणे गल्लीपर्यंत येत होते. इतका मोकळा तो त्यांच्या टेबलावर कधी हसल्याचे त्यांना आठवेना. ओट्यावर फोल्डिंगचे टेबल होते. सूत्रधाराच्या जागी निकोल होती आणि तिच्यापुढे ते जाड पुस्तक. फुगियांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, ताटली अर्धी रिकामी झाली होती. बाईंना पाहताच चंद्रप्रकाशचा हात कमरेकडे गेला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “दुखणे घरी विसरून आलास, ते ठीक केलेस.”

कॉस्मससमोरच्या नव्या कोऱ्या कागदावर बाईंची नजर गेली. वरच्या बाजूला वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते : धाकू.

“हा मेला आहे,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. “माझ्या टेबलावर मेला, सगळ्यांसमोर मेला. मेलेला माणूस असा दुसऱ्या टेबलावर उठून बसत नाही. नियम नावाची काही गोष्ट आहे की नाही?”

“आंटी, पप्पांची पाळी चालू आहे,” निकोल शांतपणे म्हणाली. “तेवढी होऊ द्या.”

कॉस्मसने फासा टाकला. चौदा आले. त्यात धाकूचे तीन मिळवायचे होते. मग त्याने टेबलावरच्या ढिगातून चिंचोके ओढले आणि एकेक करून पुढे मांडू लागला. मध्येच चुकला. सगळे चिंचोके मागे घेऊन त्याने पुन्हा पहिल्यापासून मांडले. त्याच्या कपाळावर घाम आला होता. चंद्रप्रकाश, ज्याला दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत दम निघत नसे, तो फुगियाचा तुकडा हातात धरून स्वस्थ बसला होता. व्हायोलेट चिंचोक्यांकडे बघतच नव्हती, मुद्दाम बाहेर क्रुसाकडे बघत होती.

“सतरा,” कॉस्मस शेवटी म्हणाला.

“लागली कुऱ्हाड!” निकोल ओरडली आणि कॉस्मस लहान मुलासारखा हसला.

हा तोच माणूस. कारखान्यात यंत्राचा भाग हातात घेऊन केसाएवढी तफावत सांगणारा, आकडेमोडीचे यंत्र टेबलाच्या खणातून कधी बाहेर न काढणारा. बाईंना पिशवी जड झाली. त्यांनी ती खाली ठेवली.

“कधीपासून?” त्यांनी विचारले.

“दिवाळीनंतर,” व्हायोलेट म्हणाली. “मेंदूत गुठळी झाली होती. तुम्हाला ताप म्हणून कळवलं. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. वजाबाकी नाही आली.”

“आणि मला कोणी सांगितले नाही.”

“मीच सांगू नको म्हटलं,” कॉस्मस म्हणाला. त्याची नजर चिंचोक्यांवर होती. “म्हटलं, बाईंना कळलं तर त्या मला घेणार नाहीत खेळायला.”

“असे कसे घेणार नाही?”

“वनमालाताई, खरं सांगा,” व्हायोलेट म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बाईंना उत्तर सुचले असते. “सांगितलं असतं, तर वाटी बंद केली असती तुम्ही?”

रिक्षात जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही इथे चालण्यासारखे नव्हते. गुहेतला तो रविवार जसाच्या तसा समोर आला. कॉस्मसचे हलणारे ओठ, व्हायोलेटचे ‘थांबा ना’, आणि ठोका मारणारा स्वतःचा हात. मोजमाप खात्यावरून बोललेले ते वाक्यही कानात घुमले, ज्यावर त्या दिवशी त्या मनातून खूश झाल्या होत्या. इतक्या वर्षांत आपण किती जणांना चूक कबूल करायला लावली, आणि आपल्यावर ती पाळी आली तेव्हा साधे ‘चुकले’ म्हणायला जीभ वळेना.

“उभ्या का? बसा बाई,” कॉस्मसने खुर्ची ओढली. “निकोल, बाईंना एक पात्र दे.”

त्या बसल्या. परत जायला निघाल्या असत्या तर अवघ्या गल्लीने पाहिले असते, आणि बसल्यावर या चौघांनी पाहिले. दोन्हींत अधिक लाजिरवाणे काय, हे ठरवायला त्यांना सवड मिळाली नाही. निकोलने कोरा कागद पुढे ठेवला, दोन प्रश्न विचारले, चार आकडे लिहून दिले. धाकूला गुहेबाहेर वाटेत भेटलेली एक म्हातारी वैद्यीण. पहिल्या पायरीवरची, हाती काठी तेवढी.

“तर आंटी, धाकूला जखम झालीय. राक्षस अजून उभा आहे. तुमची पाळी. काय करता?”

वनमालाबाईंनी फासा उचलला. काय करता येते, ते त्यांना ठाऊक होते, हजार वेळा दुसऱ्यांकडून त्यांनी ते ऐकले होते. पण समोरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. किती वेळ गेला, कळले नाही. त्यांचे कान सवयीने ठोक्याची वाट पाहत राहिले.

व्हायोलेटने फुगियांची ताटली त्यांच्याकडे सरकवली. कॉस्मसने चिंचोक्यांचा ढीग अर्धा केला आणि एक भाग त्यांच्यापुढे लोटला.

“सावकाश, बाई,” तो म्हणाला. “आपल्याला कुठं जायचंय?”

बाईंनी मान वर केली नाही. टेबलाखाली पिशवीतून वाटीची कड बाहेर डोकावत होती. ती कोणाला दिसायच्या आत त्यांनी पिशवी पायाने खुर्चीच्या मागे सारली आणि चिंचोके मोजायला घेतले.