हवेतली दोरी

कावेरीच्या गळाला सगळ्यात आधी लागली ती तिच्या नवऱ्याची टोपी. मग लागला दांडीवर वाळत घातलेला परकर. मग शेजारच्या समीक्षाच्या जास्वंदीची कळ्यांनी लगडलेली फांदी, आणि शेवटी समीक्षाचाच कोंबडा, शेपटीला. मासा तेवढा सोडून सगळं लागलं म्हणा ना! आणि मासा लागणार तरी कसा? वालावलच्या भातकापणी झालेल्या मळ्यात कधी कुणाला मासा मिळालाय?

पण दोष मळ्याचा नाही, शौनकचा. शौनक हा कावेरीचा एकुलता एक मुलगा. तो राहतो देवबागला आणि पाहुण्यांना बोटीतून कर्लीच्या खाडीत मासेमारीला नेतो. त्याची तऱ्हा जगावेगळी. गळाला कोळंबी नाही, काही नाही, नुसती पिसांची खोटी माशी. त्या माशीला वजन म्हणून नाहीच, त्यामुळे वजन दोरीला दिलेलं. ती जाड दोरी काठीने हवेत मागे-पुढे झुलवायची आणि मग अलगद पाण्यावर सोडायची. फ्लाय कास्टिंग म्हणतात त्याला. कुडाळच्या पोस्टातून निवृत्त झाल्यावर कावेरी चार दिवस मुलाकडे राहायला गेली, धक्क्यावर उभं राहून तिने ते पाहिलं, आणि झालं! हवेत दोरीचा असा काही सुंदर वळसा पडला की बाईच्या पोटात गुदगुल्याच झाल्या.

"माका ह्या शिकाचा आसा," ती म्हणाली.

शौनक हसला, आणि एक जुनी काठी देऊन, आईला वालावलला घरी धाडून मोकळा झाला. पुढे कोंबड्याची बातमी कानावर आली तेव्हा मात्र त्याचं हसू पळालं. कारण गेल्या साली एका पाहुण्याने गळ थेट शौनकच्या कानात अडकवला होता. तेव्हापासून त्याच्या बोटीचा कायदा कडक आहे: बोटीच्या पुढच्या टोकावरून मासे धरायचे, तर आधी कुणालाही न लागता दोरी नेमकी टाकून दाखवायची. आईलासुद्धा सूट नाही.

"आये, तू मदी बस," तो फोनवर समजावत होता. "दोरी मी टाकतंय. मासो लागलो काय काठी तुझ्या हातात देतंय."

"तू टाकलेल्या दोरीचो मासो माका नको. तसो मासो बाजारात गावता. मी पुढच्या टोकावर उभी रवतलंय आणि मीच टाकतलंय."

झालं. तिथून त्या पुढच्या टोकाचं वेडच लागलं तिला. गळ काढून तिने लाल लोकरीचा गोंडा बांधला, पदर खोचला आणि रोज सकाळी मळ्यात उतरायला लागली. दोरी मात्र ऐकेल तर शपथ. वर जायची, गोंधळायची आणि शेवयांच्या ढिगासारखी तिच्याच पायाशी येऊन पडायची. नवरा, गुरुप्रसाद, आंबा-काजूची बाग सांभाळणारा शांत माणूस, पण चहाची कपबशी घेऊन अंगणाच्या कडेला बसला की त्याच्या जिभेला धार यायची.

शौनक फोनवरून ओरडायचा, "एक म्हटला काय मागे, दोन म्हटला काय पुढे! एवढाच तर आसा! पाहुणे तासाभरात शिकतत गो!"

"पाहुण्यांका परत जावचा आसता. माका खंय जावचा आसा?"

त्याने फोन ठेवला.

एका सकाळी ढीग जरा जास्तच मोठा पडला, तेव्हा गुरुप्रसाद बशीतला चहा फुंकत म्हणाला, "गो, खळ्यात सडो घातलंस तो पुरो नाय झालो? आता मळ्यातय घालतंस?"

कावेरी चिडून काहीतरी सणसणीत बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर स्वतःच्या हाताकडे गेली, आणि ती तशीच उभी राहिली. अगो बाई! लग्न होऊन या घरात आल्यापासून रोज उजाडताच बादलीतलं शेणपाणी याच हाताने अंगणभर उडवलेलं. मनगट आत वळवायचं, झटकायचं, सगळीकडे सारखं पांगलं पाहिजे. तोच झटका ती काठीला देत होती! दोरी बिचारी काय करणार, इमानाने पांगत होती. कावेरीला हसू फुटलं ते थांबेचना. ती मळ्यात मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग उठली, तरातरा नवऱ्यापाशी गेली, त्याच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि काठीची मूठ मनगटाच्या वरपर्यंत हाताला करकचून बांधून घेतली. आता झटक बघू!

"माझो पंचो गो!"

"गावतलो परत. गप चाय पिया."

मनगट गप्प बसलं, तर आता घाई नडायला लागली. शौनकच्या एक-दोनवर दोरी पुढे ओढली की चाबकासारखी फट्‌कन वाजायची आणि गोंडा तुटून उडायचा. लोकर संपत आली. शेवटी कावेरीने ते एक-दोन सोडूनच दिलं. मान वळवली आणि मागे बघत राहिली. दोरी मागे गेली. उलगडत, उलगडत, सावकाश सरळ झाली, आणि तिने कावेरीचा हात हळूच मागे ओढला. पदराला धरून लहान मूल ओढतं ना, अगदी तसा. तेव्हा कुठे तिने हात पुढे नेला आणि थांबवला.

दोरी डोक्यावरून सरसरत गेली आणि सरळच्या सरळ, मळ्याच्या पार बांधापर्यंत जाऊन पडली.

कावेरीने अशी आरोळी ठोकली की गुरुप्रसादला वाटलं साप निघाला. तो काठी शोधत धावला, समीक्षा हातात कोयता घेऊन धावली, आणि बघतात तर काय, ही साठीची बाई मळ्यात उड्या मारतेय! समीक्षाने कोयता खाली टाकला आणि दोघींनी तिथेच फुगडी धरली. कोंबडा तेवढा लांबच उभा राहिला.

त्यानंतरही तिने घाई केली नाही. रोज उतरायची, रोज मागे बघायची. हाताला पुरती खात्री पटली तेव्हा न कळवता सकाळची एस.टी. धरली आणि थेट देवबागच्या धक्क्यावर उभी राहिली.

"बोट काढ. पुढचा टोक दी माका."

शौनकने इंजिन चालू करून बोट खाडीत नेली आणि खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेल्या एका केशरी बोयाकडे बोट दाखवलं. "त्येच्या बाजूक टाक. आणि आये, तो पंचो सोड गो, लोक हसतत."

"हसूंदेत." ती पुढच्या टोकावर चढली. बोट डुलली, तीही डुलली, आणि पहिली दोरी भलतीकडेच पडली.

"एक म्हटला काय..."

"गप रव!"

कावेरीने मान वळवली. दोरी मागे उलगडली, हाताला ओढ लागली, आणि मग पिसांची माशी हवेतून तरंगत गेली आणि बोयाच्या हातभर अलीकडे पाण्यावर टेकली. शौनकचं तोंड उघडंच राहिलं. मासा नाही आला. कुणाला हवा होता? कावेरी खाडीकडे बघून खदखदा हसत होती, आणि तिने पुन्हा टाकली, आणि पुन्हा.

तेवढ्यात शौनकचा फोन वाजला. तारकर्लीला उतरलेली कुणी पुण्याची मंडळी होती. आज बोटीत जागा मिळेल का, असं विचारत होती.

शौनकने आईकडे बघितलं.

"नाही हो," तो त्यांच्याशी बोलायच्या स्वच्छ मराठीत म्हणाला, "आज बोट पूर्ण भरली आहे."

बोटीत माणसं दोन. दोरी त्या वेळी मागे गेली होती आणि कावेरी मान वळवून तिची वाट बघत होती, त्यामुळे मुलाचा चेहरा तिला आयताच दिसला. हात पुढे न्यायचं राहूनच गेलं, आणि सगळी दोरी बदाकन पाण्यात पडली.

"पडूंदे," शौनक म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं. "परत टाक. आज आख्खो दिस तुझो."