पाचशे टर्न कमी

"आवाज अजून बोदाच येतोय," असं म्हणून अनंतरावांनी गिटार माझ्या काउंटरवर आपटली. ठेवली नाही, आपटली. खाली पान्हे पडले होते. लाकडाला खोच पडली असती तर तीही माझ्याच नावावर गेली असती.

एका महिन्यातली ही तिसरी खेप. दारात चार जळक्या मोटारी पडलेल्या, बाकावर गंगापूरचे सर्जेराव सकाळपासून बसलेले, आणि मी त्यांच्या पाणबुडी मोटारीचं पोट उघडून बसलो होतो. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. बोअर आटायचे, मोटारी कोरड्या फिरायच्या आणि जळून औरंगपुऱ्यात माझ्या गल्लीत यायच्या. लोक म्हणायचे, मुंजाबाची चांदी आहे. कसली चांदी, शिव्याच जास्त. मोटार जळाली की शिवी वाइंडिंगवाल्याला. बोअरला कुणी शिवी देत नाही.

"बोदा म्हंजी कसा?" मी मान वर न करता विचारलं.

"गोणपाट टाकून वाजवल्यासारखा. धारच नाही. ही काढ आणि तुझ्या त्या कॉइलचे अजून पाचशे टर्न कमी करून बसव."

"आता कमी करायला राहिलंय काय त्यात?"

"मुंजाबा, मला शिकवू नकोस. तीस वर्षं गिटार वाजवतोय मी."

"अन् म्या पंचवीस वर्षं कॉइली भरायलोय. शिकवत नाय, सांगायलोय."

आता एवढं बोलणं आमच्यात चालायचं, कारण मला या फंदात पाडलं ते त्यांनीच. अनंतराव तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. एक दिवस हातात छोटी डबी घेऊन दुकानात आले. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ती बसते, तारेची थरथर पकडते आणि आवाज मोठा करणाऱ्या अँपकडे पाठवते. तिला पिकअप म्हणतात. यांच्या पिकअपमध्ये दोन कॉइली शेजारी-शेजारी, एकमेकींच्या उलट जोडलेल्या, म्हणजे लाइटची घरघर आतल्या आतच मरते. त्या जातीचं नाव हंबकर. "पंख्याची कॉइल भरतोस, मग ही भर," म्हणाले. केसाहून बारीक तार, एकेका कॉइलला पाच हजार टर्न, म्हणजे वेढे. तीनदा तुटली, चौथ्यांदा भरली. ती वाजली तेव्हा या माणसाने भर दुकानात माझे तेलकट हात हातात घेतले होते. तेव्हापासून शहरातले ऑर्केस्ट्रावाले पिकअप बिघडली की माझ्याकडे येतात. माझी भरलेली एकही परत आली नव्हती. हा महिना उजाडेपर्यंत.

आधी म्हणाले, ही कॉइलींची जुनी जोडी म्हातारी झाली, बदलून टाकू. मी मीटर लावला, जोडी ठणठणीत. पण गिऱ्हाइकाशी कोण भांडणार? टर्न कमी केले की आवाज धारदार होतो, म्हणून पाचशे टर्न कमी असलेली नवी जोडी भरून दिली. आठ दिवसांत परत. मग मुंबईहून एक तयार जोडी मागवली. आम्ही दोघांनी मोबाइलवर बघून निवडलेली, सगळ्यात तीक्ष्ण म्हणून नाव असलेली. ती बसवून दिली, तर आज ही आपटाआपटी.

वर आदल्याच दिवशी दमयंतीबाईंचा फोन. अनंतराव वाजवतात तो छावणी भागातला ऑर्केस्ट्रा नवऱ्याच्या मागं त्याच चालवतात, स्वतः गातातही. म्हणाल्या, "अहो मुंजाबा, काय करून ठेवलंत त्या गिटारचं? किंचाळतीये नुसती. परवा पहिल्या रांगेतल्या बायका कानावर हात ठेवून बसल्या. रविवारी बीड बायपासच्या लॉन्सवर रिसेप्शन आहे. तोवर नीट झालं नाही तर मी कीबोर्डवाल्यालाच गिटारचे तुकडे वाजवायला सांगणार आहे. अनंतदादांना तसं सांगितलंय मी."

एक म्हणतो बोदा, दुसरी म्हणते किंचाळते. गिटार तीच, कॉइल तीच, आणि बदनाम कोण, तर मुंजाबा. रात्रभर डोक्यात तिडीक होती.

"दमयंतीबाई तर म्हणत्यात आवाज लई तिखट झालाय," मी म्हणालो.

"दमयंतीला काय कळतं? ती गाणार, तिला स्वतःचाच आवाज ऐकू येतो." अनंतरावांचा चेहरा लाल झाला होता. "रविवारी मला ती खुर्ची सोडायची नाहीये. तीस वर्षं बसलोय मी त्या खुर्चीवर. कीबोर्डवर बटण दाबून गिटार वाजवणाऱ्या पोरासाठी उठणार नाही. तू टर्न कमी कर."

"नाय करणार."

"का?"

"माझं नाव हाये त्या कॉइलवर. लोकांच्या कानात खिळे ठोकायला नाय भरत म्या कॉइली."

बाकावरून सर्जेराव म्हणाले, "भांडा निवांत. आमची मोसंबी वाळू द्या तवर."

माझं डोकं सटकलं. "तुमची मोटार चार महिन्यांत तिसऱ्यांदा जळाली, सर्जेराव. आत वाळू निघाली, पाण्याचा टिपूस नाय. बोअर आटलाय तुमचा. वाइंडिंग काय करील?"

"बोअर नाय आटला," सर्जेराव म्हणाले. "तुमचीच तार हलकी."

दोघांशीही बोलायचं सोडलं मी. हातातलं बाजूला सारलं आणि शहराच्या कडेच्या सातारा परिसरातल्या एका नव्या सोसायटीची मोटार टेबलावर चढवली. सातशे फुटांचा बोअर मारलेली, चाळीस फ्लॅटची सोसायटी. सेक्रेटरी दुपारी घ्यायला येणार होता. लाइट दिली. मोटार फिरली, आणि फिरता फिरता तिच्या बेअरिंगमधून बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू झाली. टाचणी टोचावी तशी.

माझा बाप मेंढरं राखायचा. खोकल्यावरून आजारी मेंढी ओळखायचा. मी बेअरिंग ओळखतो. पण या दुकानात माझ्याहून तेज कान अनंतरावांचा होता. रविवारी सकाळी चहाला यायचे, पेपर वाचत बसायचे आणि पेपरातून मान न काढता म्हणायचे, मुंजाबा, ती तिसरी मोटार शिट्टी मारतीये बघ. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून खात्री करायचो. ते कधीच चुकले नाहीत.

आज ते त्या मोटारीपासून हातभर अंतरावर उभे होते आणि गिटारच्या नॉबशी खेळत होते.

"बंद करा की ती," सर्जेराव कानात बोट घालून म्हणाले. "शिट्टी लई घुसायली कानात."

"कसली शिट्टी?" अनंतरावांनी विचारलं.

मी बटण बंद केलं. मोटार थांबली, शिट्टीही थांबली. अनंतरावांनी आधी सर्जेरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पटकन नजर खाली वळवली. तिथंच चुकलो. त्यांना काय ते कळलं.

तीस वर्षं स्टेजवर त्यांच्या डाव्या हाताला ड्रमवाल्याच्या झांजा; त्यांनीच कान खाल्ले होते. मला स्वतःचाच एवढा राग आला की हातातला पान्हा फेकून द्यावासा वाटला. महिनाभर मीटर लावत बसलो मी. जुन्या कॉइलला लावला, नव्या कॉइलला लावला, मुंबईच्या डबीला लावला. आकडा दर वेळी बरोबर. मग बिघाड कुठंय, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. सर्जेरावांना बोअर दाखवतो मी, आणि इथं टर्न मोजत बसलो.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि दमयंतीबाई उतरल्या. घामेजलेल्या, हातात कार्यक्रमाची वही. आल्या त्या तावातच.

"दोघंही इथंच आहात, बरं झालं. मला एकदाच काय ते सांगा. मुंजाबा, तुमचा मीटर खोटं बोलत नाही ना? मग सांगा, पिकअप खराब आहेत की नाहीत?"

प्रश्न सरळ होता. पिकअप चांगल्या आहेत म्हटलं तर दोष माणसात. आणि दोष माणसात म्हटलं की रविवारची खुर्ची गेली. अनंतराव माझ्याकडे बघत नव्हते. गिटारच्या तारांवर तळवा ठेवून उभे होते.

"खराब हायेत," मी म्हणालो. "जोडणी चुकली माझी. उलट जोडायच्या कॉइली सुलट जोडल्या गेल्या. चूक माझी."

पंचवीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आणि निघालं ते गिऱ्हाइकासमोर. सर्जेराव लगेच उठून उभे राहिले.

"मंग आमची मोटार बी अशीच भरली व्हय तुम्ही? उगंच आमच्या बोअरला नावं ठेवायले?"

सोमवारी गंगापूरच्या बाजारात याचीच चर्चा होणार होती.

"खोटं बोलतोय हा," अनंतराव म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण थरथरत होता. रागानं थरथरत होता, हे मी शपथेवर सांगतो.

"सुलट जोडली असती तर घरघर आली असती आणि तारा मेल्यासारख्या वाजल्या असत्या. एवढं मला कळत नाही का? वाइंडिंग बरोबर आहे, दमयंती. त्याचं काम कधी चुकलेलं नाही. माझे कान गेलेत. वरचा आवाज मला ऐकूच येत नाही. म्हणून मी तो वाढवत राहिलो." मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर दया करायला? मी काय तुझ्या दारात मागायला आलोय? आधी धडधडीत नाही म्हणालास, ते बरं होतं."

मीही भडकलो. "मंग काय करायचं होतं म्या? सगळ्यांसमोर सांगायचं होतं व्हय?"

"सांगायचं होतं. माझ्या तोंडावर सांगायचं होतं."

दमयंतीबाई बाकावर बसल्या. वही मिटून मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "अनंतदादा, कधीपासून?"

"माहीत नाही. कळलं असतं तर पिकअप बदलत बसलो असतो का?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. रुमालाने चेहरा पुसला. मग मला हुकूम सोडावा तसं म्हणाले, "तिन्ही जोड्या काढ. जुनी, तुझी नवी आणि मुंबईची. एकेक लावून दे. दमयंती, तू समोर बस. इकडे तिकडे बघू नकोस."

एक जोडी लावायची म्हणजे तारा सैल करा, कथलाचा डाग सोडवा, दुसरा डाग द्या, परत सुरात लावा. दोन तास गेले त्यात. सोसायटीचा सेक्रेटरी येऊन दारातून ओरडून गेला. सर्जेराव जाणार होते, ते गेले नाहीत. "लॉन्सवरच्या गवताला टँकरचं पाणी अन् आमच्या झाडाला वाळू," एवढं एकदा पुटपुटले आणि मग मुकाट्यानं बघत बसले.

अनंतराव वाजवताना गिटारकडे पाहत नव्हते, तारांकडे पाहत नव्हते. दमयंतीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. गिटारला होतीच ती मुंबईची जोडी आधी वाजवली तेव्हा बाईंच्या डोळ्यांच्या कडा आकसल्या. अनंतरावांनी अर्ध्यात हात थांबवला आणि म्हणाले, ही नको. पाचशे टर्न कमीची माझी जोडी लावली. बाईंच्या मानेची शीर ताणलेली होती. हीही नको. मग ती जुनी, म्हातारी झाली म्हणून बाजूला काढलेली, पहिल्यांदा भरलेली जोडी. त्यांनी तोच तुकडा वाजवला. बाईंचा चेहरा सैल झाला आणि ओठ त्या ओळीवर आपोआप हलले.

"हीच," अनंतराव म्हणाले.

त्यांना स्वतःला ती कशी ऐकू येत होती, ते मी विचारलं नाही. गोणपाटातूनच येत असणार.

"आता हा नॉब," म्हणाले. "दमयंती, सांग, कुठं बरा वाटतो." ते आवाजाची धार कमी-जास्त करायचा नॉब फिरवत राहिले. मधल्या जागेच्या जरा अलीकडे बाई म्हणाल्या, बस.

"मुंजाबा, इथं पक्कं करून टाक. कायमचं. हा नॉब ठेवूच नकोस. ठेवलास तर मी फिरवणार."

"अनंतदादा, राहू द्या की," दमयंतीबाई म्हणाल्या. "मी सांगत जाईन ना स्टेजवरून."

"तू गाशील की माझ्याकडे बघशील? अँपला हात लावायचा तो तू, मी नाही." मग माझ्याकडे बघून, "कर म्हणतो ना."

मी मीटर लावून आकडा घेतला. तेवढ्याच आकड्याचा छोटा रेझिस्टर शोधून आतून जोडला, नॉब उपसून काढला. मागं लाकडात बोटाच्या पेराएवढं भोक राहिलं. बुजवू का विचारलं, तर नको म्हणाले.

दमयंतीबाईंनी वही उघडली. "रविवारी सहाला पोचायचं, दादा. पहिलं गाणं एकदा करून घेता का?"

अनंतरावांनी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला सुरुवात केली. बाई हलक्या आवाजात गाऊ लागल्या. मध्ये, जिथं धून वर चढते तिथं, अनंतरावांची करंगळी सवयीनं नॉबकडे गेली. तिथं काही नव्हतं. करंगळी क्षणभर त्या भोकावर थांबली आणि परत तारांकडे आली. गाणं कुठं अडलं नाही.