आपल्या माणसाची चौकशी

इन्स्पेक्टरसाहेब, तुम्हाला माहीत होतं. सुभानपुऱ्यातल्या त्या ऑफिसकडे माणसं परदेशी पाठवायचा परवाना नाही, हे तुम्हाला आमच्या आधीपासून माहीत होतं. तरी पाटी झळकत राहिली, ‘इंग्रजी शिकवा, जग बघा.’ ती तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. दिसली नाही म्हणू नका.

माझी भाची रसिका मकरपुऱ्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्या ऑफिसच्या मोहनरावांनी तिच्यासाठी व्हिएतनाममधल्या एका शाळेची नोकरी आणली. राहायची सोय शाळेची, तिकीट शाळेचं. आत्ता टुरिस्ट व्हिसावर जायचं, वर्क परमिट तिथे गेल्यावर. करारावर सहीसुद्धा तिथे गेल्यावर. पासपोर्ट आणि डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट मात्र आधीच जमा करायचं.

माझा भाऊ गोविंदराव दोन्ही देऊन आला.

“पावती?” मी विचारलं.

“पावती कसली, मंदा? मोहनराव आपले आहेत. गणपतीत आरतीला माझ्या शेजारी उभे असतात.”

ही आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांची जुनी खोड. गुजराती दुकानदाराकडून मिक्सर घेताना दादा वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो. पण समोरचा मराठीत बोलला की विरघळला. मग तिजोरीची किल्ली काय, पोरगी काय, सगळं त्याच्या हवाली. आपल्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याचा अपमान!

“दादा, पोरीचं स्थळ असतं तर चौकशी केली असतीस ना? तिथली आधीची मास्तरीण का सोडून गेली, ते तरी विचारलंस?”

“ही नोकरी आहे गं, लग्न नाही.”

“लग्नात घटस्फोट तरी मिळतो.”

रसिका वैतागली. “आत्या, तुला सगळीकडे चोरच दिसतात. मोहनकाकांनी नंबर दिलाय एका मुलाचा. बडोद्याचाच आहे, प्रतापनगरचा. सोहम नाव. त्याच शाळेत शिकवतो. विचारूया.”

जेवणाच्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला. सोहम सगळं इंग्रजीतच बोलला. शाळा छान, मुलं छान, मालक फार चांगले. रसिका माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मी फोन ओढून घेतला.

“सोहम, मी रसिकाची आत्या. प्रतापनगरला कुठे रे तुमचं घर?”

“रेल्वे क्वार्टर्स, मॅडम.”

“मराठीच ना तू? जेवलास का?”

 मग आवाज आला, “येस मॅडम. फूड इज प्रोव्हायडेड.”

 प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेलं पोर. कुणाच्या आत्यानं जेवलास का विचारलं आणि ते मॅडम म्हणतं? आपली भाषा कानावर पडूनही एक शब्द तोंडातून निसटत नाही?

“सवय लागते गं त्यांना,” रसिका हसली. मी तिला हातानं गप्प केलं.

“बाळा, तू काय बोलतोस ते ऐकायला कुणी शेजारी बसलंय का? असेल तर एवढंच म्हण, पगार चांगला आहे.”

“द सॅलरी इज व्हेरी गुड, मॅडम.”

रसिकाचं हसू गेलं.

“पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय?”

“द सॅलरी इज व्हेरी गुड.”

“वर्क परमिट काढलंच नाही?”

“व्हेरी गुड, मॅडम. व्हेरी गुड.” आवाज चिरकला होता.

“रसिकानं यावं का रे?”

फोन बंद झाला. त्यानं ठेवला की दुसऱ्या कुणी, कळलं नाही.

“नेटवर्क गेलं असेल,” दादा म्हणाला.

आम्ही तिघं तशीच मोहनरावांकडे गेलो. “केम छो, गोविंदराव! या, बसा.” चहा मागवला. पासपोर्ट परत हवा म्हटल्यावर म्हणाले, “तो दिल्लीला गेलाय, वकिलातीत.”

“काका, तिथला ई-व्हिसा ऑनलाइन निघतो,” रसिका म्हणाली. “पासपोर्ट दिल्लीला कशाला जाईल?”

मोहनरावांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “गोविंदराव, आपल्याच माणसावर एवढा संशय? समाजात कसं दिसेल?”

दादानं कप उचलून एक घोट घेतला.

“दिल्लीला फोन लावा,” मी म्हटलं. “आमच्यासमोर.”

ते मोबाइल घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. रसिका उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं खण उघडला. आत पासपोर्टांचा गठ्ठा, वर रबर लावलेलं. तिचा त्यातच होता, तो तिनं काढून घेतला.

“रसिका, दुसऱ्याच्या खणात असा हात घालू नये,” माझा भाऊ म्हणाला. तेव्हासुद्धा!

सर्टिफिकेट मिळालं नाही. मोहनराव परत आले आणि म्हणाले, ते तिथल्या शाळेकडे गेलंय. आम्ही निघालो. दादानं उरलेला चहा संपवला. टाकला तर बरं दिसणार नाही, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी क्वार्टर्समध्ये विचारत विचारत सोहमची आई शोधली. स्नेहलताबाई. पोराचा विषय काढताच त्यांचा चेहरा फुलला. “दर रविवारी फोन करतो. आमच्याशीसुद्धा इंग्रजीतच बोलतो हो! मला निम्मं कळत नाही. पण मी स्पीकरवर लावून शेजाऱ्यांना ऐकवते. म्हटलं, पोरगं मोठं झालं.”

शेजारी बसवलेल्या माणसाला प्रत्येक शब्द कळावा म्हणून तो इंग्रजीत बोलतो, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तो मला काहीतरी सांगत होता, आणि मी टाळ्या मिळवत होते?”

त्यांना घेऊन मी तुमच्याकडे आले, साहेब. तुम्ही मान हलवून म्हणालात, “हो, त्या ऑफिसच्या तक्रारी आहेत आधीच्या.” आधीच्या! मग म्हणालात, मुलगा टुरिस्ट म्हणून गेलाय, कागदोपत्री तो नोकरीला नाहीच, त्याला आम्ही काय करणार. वर मलाच विचारलंत, “तुमची मुलगी तर सुखरूप घरी आहे ना, बाई?”

आहे. मी संशयी म्हणून आहे. तुमच्यामुळे नाही. आणि त्या खणातले बाकीचे पासपोर्ट ज्यांचे आहेत, त्यांच्या घरी संशयी आत्या असेलच असं नाही.

टुरिस्ट म्हणे. कुठला टुरिस्ट रोज फळ्यापुढे उभा राहतो आणि आईशी बोलताना शेजारी पहारेकरी बसवतो?

स्नेहलताबाई तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. जेवायलाही उठत नाहीत. त्यांच्या मुलाला त्याचा पासपोर्ट कोण मिळवून देणार आहे, आणि कधी? मला समजावू नका. बाहेर या आणि त्यांना उत्तर द्या.