कापलेलं रीळ

पंचफुला आमच्या मोहल्ल्यात नांदाले आली अन् माही दुपार गेली. उगाच साळसूदपणा कायले दाखवू? मी तिच्यावर जळत होती. तिचं नाव निंघालं तरी माह्या अंगाची लाही लाही होये.

आमी साकोलीच्या बिडीवाल्या बाया. सकाळी कारखान्यातून तेंदूचा पत्ता अन् तंबाखू आणाचा, दुपारी मांडीवर सूप घेऊन बसाचं, कैचीनं पत्ता कापाचा अन् बिड्या वळाच्या. हात कामात असतात, पण कान रिकामे. त्या कानांत बारा वर्षं मी पिच्चर भरत होती. माहा नवरा तेजराम टॉकीजवर गेटकीपर, म्हणून मले तिकीट लागे नाही. आलेला एकूण एक पिच्चर मी पाहाची, अन् दुसऱ्या दिवशी रत्नाबाई, रुखमा, सुलोचनाबाई सूप घेऊन माह्या छपरीत हजर. गाणं आलं का मी गाणं म्हणाची, मारामारी आली का सुपावर थापा माराची. माह्या घरी लेकरू नाही. दुपारच्या त्या चार बाया गेल्या तं घरात आवाज कोणाचा? माहाच, अन् तो मले नको होता.

पंचफुला लाखांदूराकडची पोरगी, बाजूच्या डोमा नावाच्या पोराची बायको. दिसाले काडी. पहिले पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. मीच तिले बोलावलं. ये वो, बस, पिच्चर आइक म्हटलं. माह्याच हातानं माह्या पायावर धोंडा पाडून घेतला.

एक दिवस मी घरात चोर शिरतात असा पिच्चर सांगून राहिली होती. चोर कौलावरून धडाधड उड्या मारतात, मी सूप बडवून राहिली, अन् ही हळूच म्हणते, "असं नाही होत वो."

"मंग कसं होते?" मी म्हटलं.

"नागपूरले मावशीकडे एक पिच्चर पाह्यला मी. त्याच्यात बाई घरी एकटीच असते."

अन् सांगाले लागली. ना गाणं, ना थाप. भर दुपार आहे म्हणे. धानाच्या रोवण्याचे, रोपं लावाचे दिवस, सारं गाव शेतातल्या बांधीत. दुरून रोवणाऱ्या बायांची गाणी आइकू येतात, पण गल्लीत कुत्रंही नाही. दारात माणूस येते. पोटरीवरचा चिखल अर्धा वाळला आहे. "बाई, पाणी दे," म्हणते. बाई दार लोटून कडी लावते. तो जात नाही. चपला काढून नीट बाजूले ठेवते. मंग दाराच्या फटीतून बांबूची कामटी आत येते, कडीखाली लागते, अन् कडी हळूहळू वर जाते.

इथं ती थांबली. "पुढचं मंग सांगीन," म्हणे.

माय वो! रुखमाच्या हातातली बिडी सुटली. सुलोचनाबाईनं भर दुपारी माह्या घराच्या कडीकडे पाह्यलं. बारा वर्षांत माह्या एकाही चोरासाठी कोणी कडीकडे पाह्यलं नव्हतं.

नागपूरच्या पिच्चरात रोवणा कुठून आला, हे कोणी इचारलं नाही. मीही नाही. सांगणारी आपल्या गावचा मालमसाला टाकतेच. मी नाही का हिरोइनीले साकोलीच्या बाजारात बांगड्या भरवत?

दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हणतात, पंचफुला, तेच सांग. तिच्या सासूचे पाय सुजले होते, घर सोडता येत नव्हतं, तं माह्या बाया सूप उचलून तिच्या छपरीत गेल्या. गेल्या त्या गेल्याच. मी एकटी वळत बसाची अन् कुडाच्या पल्याडून तिचा बारीक आवाज आइकाची. रोज कडी वर जाये अन् रोज ती थांबे. पुढचं काही केल्या सांगे नाही. मी नाक मुरडाची, अन् कडी वर जाऊ लागली का माहेही हात थांबत. याचाच जास्त राग ये.

दिवाळी झाली अन् पंचफुलानं नाव सांगतलेला तोच पिच्चर आमच्या टॉकीजवर लागला. पहिल्याच दिवशी मी जाऊन बसली.

अन् काय सांगू, खुशीत घरी आली. त्या पिच्चरात रोवणा सोडा, दुपारच नव्हती! रात्र, पाऊस, बंगला. एवढा मोठा बंगला अन् शेजार नाही. आवाज आला का बाई मेणबत्ती घेऊन आवाजाकडेच जाते. अवो, मागच्या दारानं पळ न! चोर आत शिरते अन् खुर्चीवर बसून भाषण देते. भाषण देणाऱ्याची कायची भीती? मधात हसवाले एक नोकर, एक पाण्यातलं गाणं, अन् शेवटी हिरो काच फोडून येते. अर्धा तास ठोसेच ठोसे.

चांगलं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. एक जागा होती. दाराखालच्या फटीतून नुसती बुटांची सावली दिसते, बाजा बंद. तवा खालच्या क्लासातले शिट्ट्या मारणारे पोट्टेही चूप झाले. माणूस दाराबाहेर आहे तोवर भीती, आत आला का तमाशा. पिच्चरवाल्याले हे एक मिनिट समजलं अन् तो इसरला. पंचफुलाले ते पहिल्यापासून समजलं होतं. तिनं त्या माणसाले कधी आत येऊच दिलं नाही. एवढं मले कबूल होतं, म्हणून तं तिले खोटी पाडाची होती.

बुधवारी तीनच्या शोले सगळ्यांले घेऊन गेली. पंचफुला म्हणे, "मी नाही येत वो, मी पाह्यला आहे." मी तिचा हात धरला. "चाल न वो, सासू राहीन तीन घंटे. तुह्याच पिच्चरले तू नाही?" पूर्ण पिच्चर मी पडद्याकडे कमी अन् बायांच्या तोंडाकडे जास्त पाह्यलं.

सुटल्यावर रस्त्यात रत्नाबाई थांबलीच. "काय वो पंचफुला, पाणी मागणारा माणूस कुठी होता?"

"अन् चिखल? अन् कामटी?" रुखमा म्हणे.

मी गोड आवाजात म्हटलं, "मनचं सांगतलं असन बिचारीनं. आपल्याले खोटंच भेव दाखवलं."

सुलोचनाबाई हासली. बारा वर्षांची माही छपरी मले परत आलेली दिसून राहिली होती.

पंचफुला रस्त्याच्या कडेले उभी होती. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं, घट्ट, कोणी दुसऱ्यानं धरावं तसं. "होतं," ती म्हणे. "सारे रोवण्यावर गेले होते. मले ताप होता म्हणून घरी…"

तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"तुले?" रत्नाबाई म्हणे. "तुले कायचा ताप? आमी पिच्चरचं इचारून राहिलो."

मले समजलं. कडी वर गेली का ती काहून थांबे, ते मले त्या रस्त्यात समजलं. या पोरीले मीच हाताले धरून इथपर्यंत आणलं होतं. बाया तिच्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, अन् रत्नाबाईले समजलं असतं तं संध्याकाळपर्यंत तिच्या सासूलेही समजलं असतं.

"अवो, रीळ कापलं आहे!" मी वरडली. "सहाचा शो टायमावर लावाले हे लोक मधातलं एक रीळ गाळतात. मी पहिल्या दिवशी पूर्ण पाह्यला न! पाणी मागणारा, चिखल, कामटी, सगळं आहे त्याच्यात. पोरीले तापात आणलं आपण, चाला घरी."

गेटकीपरच्या बायकोपुढे कोण बोलते? बायांनी पंचफुलाले सोडलं अन् टॉकीजवाल्यांले शिव्या देत निंघाल्या. संध्याकाळी तेजराम जेवाले बसला अन् म्हणे, "रीळ कोणी कापलं वो? बाया मले गेटवर येऊन शिव्या देऊन गेल्या."

"मी कापलं. जेवा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पंचफुला सासूले हात धरून घेऊन आली, तिले माह्या खाटेवर बसवलं अन् सूप घेऊन कोपऱ्यात बसली. मागून बाकीच्या आल्या. मले वाटलं होतं, आता तरी माहा जळफळाट थांबन. कुठचा! रत्नाबाई बसता बसता म्हणे, "शकुनबाई, तुमी पाह्यलं न ते रीळ? मंग पुढचं सांगा. पण पंचफुलासारखं सांगजा, थापा नका मारू." लागलं मले. चांगलंच लागलं.

तरी मी सांगतलं. थापा न मारता. कामटी आत येते, कडी वर जाऊन राहिली आहे. अन् तेवढ्यात गल्लीत बायांचा आवाज येते. बांधीत लावाचे परे, रोपं सरली म्हणून रोवणाऱ्या बाया लवकर घरी आल्या. पंधरा-वीस बाया, लुगडं खोचलेल्या, हातापायाले चिखल. त्या माणसाले चपला घालाचीही फुरसत भेटली नाही.

पंचफुलाची कैची थांबली होती. मान खालीच होती.

"तवाच आल्या का वो बाया?" तिनं इचारलं.

"हाव. तवाच आल्या."

"कडी निंघाच्या आधी?"

"आधी," मी म्हटलं.

"पिच्चर चांगला आहे मंग," ती म्हणे, अन् तिनं पत्ता कापाले घेतला.