आप्पांच्या पाळीचा दिवस

पिवळ्या चिठ्ठीचा एक कोपरा एसीच्या वाऱ्याने उठत होता आणि पुन्हा कागदावर बसत होता. चिठ्ठीवर दादाच्या हातचा बाण, बाणाखाली ‘सुनीती – सही’. नावसुद्धा कसं, सामानाच्या खोक्यावर खरडावं तसं खरडलेलं... सुनीतीने उपम्याची बशी त्या कागदाला अगदी खेटून ठेवली. तूप सांडलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

आखातातली शुक्रवारची सुट्टी, म्हणून सदानंददादा दुखानहून तासभर गाडी हाकत ओल्ड एअरपोर्ट भागातल्या तिच्या घरी आला होता. बहिणीला भेटायला नव्हे. रविवारी तिला एम्बसीत उभं करायचं, अधिकाऱ्यासमोर सही घ्यायची, सोमवारी कागद रत्नागिरीला पाठवायचा – सगळं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. लहानपणीही तो असाच. पत्ते वाटून झाल्यावर विचारायचा, खेळणार का.

“उपमा मस्त झालाय,” तो म्हणाला.



मागणी तशी एका दिवसाचीच होती. गावच्या पऱ्यावर, त्या लहानशा ओढ्यावर, दिवाळीनंतर आठ घरांनी मिळून बांध घालायचा, आणि पाटाचं पाणी प्रत्येक घराला आठ दिवसांतून एक दिवस. ही पाळी गावाच्या जुन्या वहीत नावानिशी लिहिलेली. तिचे वडील, आप्पा, आपल्या दिवशी दुपारपर्यंत पोफळीचं आगर शिंपायचे, आणि मग माती-पाल्याने पाटाचं तोंड बुजवून टाकायचे, म्हणजे उरलेलं पाणी बांधावरून उतरून पऱ्याच्या वाटेने खाली जाई... कोरडे धोंडे एकेक करून काळे होत जात, डबक्यात अडकलेले मासे हलायला लागत, आणि परकर खोचून चिखलात उभ्या असलेल्या सुनीतीला आप्पा म्हणत, पुरे, आता पऱ्याचं पऱ्याला. खालच्या मोहल्ल्याच्या विहिरी त्या पाण्यावर जगत. आप्पा गेल्यावरही आगर राखणारा गडी त्या दिवशी तसंच करी. आता दादाला नोकरी सोडून गावी रिसॉर्ट काढायचं होतं आणि आठही दिवसांचं पाणी पाइपात घालायचं होतं. सात घरांनी दिलं होतं. उरला होता आप्पांचा दिवस, आणि त्यावर दादाच्या जोडीने तिचंही नाव होतं.

ते कसं राहिलं? बारा वर्षांपूर्वी तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची, रीतच तशी. कागदात घर होतं, आगर होतं, जमिनीचे सगळे नंबर होते. पाण्याची पाळी तेवढी नव्हती, कारण ती सातबाऱ्यावर नसते आणि वकील पडला पुण्याचा. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही, असं सगळे म्हणतात. – माझ्या आलं होतं, सुनीती मनाशी म्हणाली. मी तो कागद दोनदा वाचला होता, आणि चकार शब्द न काढता सही ठोकली होती, मोरपंखी साडी मांडीवर घेऊन, हसत.

“अगं, आम्ही रोज इथे लाखो लिटर समुद्रात सोडतो,” अरुणकुमार म्हणाला. तिचा नवरा स्टेडियमच्या पायातलं पाणी उपसायच्या कामावर होता. वर्ल्ड कप पाच वर्षांवर आला होता आणि जिथे खणावं तिथे पाणी लागत होतं. “एका पऱ्याचं काय घेऊन बसलीस? सही कर, खलास.”

“ते खारं असतं. ते कुणी पीत नव्हतं.”

परवा खालच्या मोहल्ल्यातल्या ताहेरुन्निसाचा व्हॉइस मेसेज फोनवर आला होता – दोघी एका बाकावर बसायच्या शाळेत – ‘सातांनी दिलं गो, तुझा दिवस तेवढा राहू दे.’ सुनीतीने तो तीनदा ऐकला होता आणि उत्तर दिलं नव्हतं.

“बारा वर्षांत गावाला किती वेळा गेलीस?” दादाने विचारलं.

“दोनदा.”

“मग? तुला पऱ्याचं काही पडलेलं नाहीये, सुनी. तुला मला अडवायचंय.”

तेवढ्यात अरुणकुमार उठला, कपाट उघडलं आणि तिचा पासपोर्ट आणून दादासमोर ठेवला. “असू दे तुझ्याकडे. रविवारी मी हिला सोडतो एम्बसीत.” दोघांपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पासपोर्ट उचलला आणि घट्ट मुठीत धरला.

मग ती दादाला द्यायला चांगलंसं उत्तर शोधू लागली – आप्पा, मासे, विहिरी – आणि तिला कळलं की दादाचं खरं आहे. त्या साडीच्या दिवसापासून तिला फक्त एक नकार हवा होता, आपला, कुणी हिसकावू शकणार नाही असा. याची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. वाटली ती भीती. कारण दादाने तेव्हा नुसतं विचारलं असतं, सुनी, पाणीही देतेस का, तर तिने हसत देऊन टाकलं असतं, आणि आज खालच्या विहिरींसाठी एकही दिवस उरला नसता. इतकी वर्षं ते पाणी तिच्या रागावर वाहत होतं. दुसरं काही नव्हतंच तिच्यापाशी.

दादाने तिच्या मुठीकडे पाहिलं. मग त्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

“सुनी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. “माझं चुकलं गं. तेव्हाही चुकलं. तुला कधी विचारलंच नाही मी.”

खोटं असेल. खरंही असेल... मघाचा तो राग – आत्ता तर होता, एवढा होता – तिला चाचपूनही सापडेना. नको दादा, ती मनातल्या मनात म्हणाली, शिव्या दे, ओरड, पण असा बोलू नकोस. रविवारला अजून दोन दिवस होते.